रेबेक, तानपुरा आणि आडनाव

गोव्यात एखाद्याचं आडनाव कळलं की त्याच्या घरी काय वाजत असेल हे माणसं मनातल्या मनात ठरवून मोकळी होतात. कामत, नाईक, गावडे म्हटलं की पेटी, तबला, चवथीच्या आरत्या, भजनी सप्ताह. फर्नांडिस, डिसोझा म्हटलं की गिटार, व्हायोलिन, इगर्जेतला म्हणजे चर्चमधला कॉयर, लग्नातला बँड. मग फोंड्याकडच्या नाईकांचा मुलगा चेलो शिकायला लागला, किंवा सासष्टीतल्या फर्नांडिसांची मुलगी यमनचा बडा ख्याल घेऊन बसली, की पहिला प्रश्न गाण्याबद्दल येत नाही. ‘तुमच्यात कुठे असतं हे?’ असा येतो.

हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा मायेचेच असतात. त्यांचा राग धरू नये. पण प्रश्न कधी येतो ते नीट पाहावं. पहिल्या महिन्यात सगळ्यांना कौतुक असतं. तीन-चार महिन्यांनी मूल कुठल्या तरी तांत्रिक जागी अडतं, सूर लागेनासा होतो, ताल सुटतो, आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे रे, आपल्या रक्तात नाही ते.’ त्या अडचणीला नाव असतं, कारण असतं, बहुतेक वेळा उपायही असतो. रक्ताचं नाव पुढे केलं की शोध तिथेच थांबतो आणि क्लास सुटतो.

रक्ताची गोष्ट गोव्याच्या इतिहासात तरी टिकत नाही. ख्रिस्ती घरांत व्हायोलिन आलं ते सोळाव्या शतकापासून इगर्जींना जोडलेल्या शाळांमुळे. तिथला मेस्त, म्हणजे मास्तर, पोरांना लिहिण्या-वाचण्याबरोबर सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी म्हणत सूर वाचणं, शिकवायचा, वाद्य हातात द्यायचा. कोकणीत व्हायोलिनला आजही जुनी माणसं रेबेक म्हणतात, तो शब्द त्याच वाटेनं आला. पिढ्यान् पिढ्या ज्याच्या गावात मेस्त होता त्याला नोटेशन वाचता आलं, ज्याच्या गावात नव्हता त्याला आलं नाही. उलट बाजूनं १७३६ सालच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानानं ख्रिस्ती लग्नांतल्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली, त्यात गाणं-वाजवणंही होतं. एक दार उघडलं, दुसरं बंद केलं. जवळजवळ तीनशे वर्षांनी त्याला आपण ‘त्यांची आवड’ म्हणतो.

हिंदू घरांनीही जरा आपल्याकडे बघावं. ज्या रागसंगीताला आज आपण अभिमानानं ‘आपलं’ म्हणतो, ते गोव्यात जपलं कुणी? देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) दोघीही उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. त्या काळात ‘चांगल्या घरच्या’ मुलीनं गायला बसणं म्हणजे घराण्याला बट्टा, असं मानणारे आपलेच लोक होते. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर केसरबाईंची भैरवी अंतराळात गेली, तेव्हा ती सगळ्यांचीच झाली. म्हणून ‘आपल्यात नाही’ असं म्हणण्याआधी आपल्यात काय होतं आणि ते कुणाला करू दिलं जात होतं, हे आठवावं.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली गोन्साल्विसांनी स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला आणि रागांवर बांधलेल्या रचना पाश्चात्य पद्धतीनं लिहून वाजवल्या. राग त्यांच्या ‘रक्तात’ होते का, हा प्रश्न त्यांच्या वह्यांपुढे निरर्थक आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत तर ही विभागणी दुकानाच्या फळीवर झाली. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्या काळ्या गायकांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून वेगळ्या यादीत विकायच्या, आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या ‘हिलबिली’ म्हणून दुसऱ्या यादीत. बिलबोर्ड साप्ताहिकानं आपल्या यादीतला ‘रेस’ शब्द १९४९ साली काढून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केला, पण फळ्या तशाच राहिल्या. बँजोचे पूर्वज आफ्रिकेतून आले, तरी बँजो गोऱ्या कंट्री संगीताची खूण झाला. चार्ली प्राइड या काळ्या कंट्री गायकाच्या सुरुवातीच्या तबकड्या १९६६च्या सुमारास रेडिओवाल्यांकडे फोटो न लावता पाठवल्या गेल्या, म्हणजे आधी आवाज ऐकला जावा. रॉक वाजवणाऱ्या काळ्या मुलांना ‘गोऱ्यांचं काय ऐकतोस’ हे दोन्ही बाजूंनी ऐकावं लागे. म्हणून १९८५ साली न्यू यॉर्कमध्ये व्हर्नन रीड, ग्रेग टेट आणि कोंडा मेसन यांनी ब्लॅक रॉक कोअलिशन ही संघटनाच काढली. तिथला वंशभेद आणि त्यामागची गुलामगिरी ही आपल्या आडनावांच्या गोष्टीहून फार जड आहे, ती बरोबरीला धरता येणार नाही. पण फळी आधी लागते आणि आवड नंतर तिच्यावर चिकटवली जाते, एवढं मात्र तिथे आणि इथे सारखं दिसतं.

आता कामाचं. मूल अडतं कुठे?

कीबोर्डवर तीन-चार वर्षं शिकलेलं ख्रिस्ती घरातलं मूल तानपुऱ्यापुढे बसलं की पहिली अडचण गंधाराची येते. कीबोर्डवर षड्ज ते शुद्ध गंधार हे अंतर ४०० सेंट असतं (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ३८६ सेंटांवर असतो. फरक १४ सेंटांचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जेमतेम सातव्या हिश्श्याचा. तेवढ्यात यमन उभा राहतो किंवा पडतो. मुलाला गुरुजींचा गंधार उतरलेला वाटतो, गुरुजींना मुलाचा चढलेला. दोघांचेही कान आपापल्या जागी तयार आहेत. उपाय साधा आहे. दोन महिने रियाजाच्या वेळी कीबोर्ड बंद. रोज दहा मिनिटं फक्त तानपुरा लावून सा, प, आणि मग हळूच ग, तारेत मिसळून जाईपर्यंत. फोनवरचा तानपुरा चालतो, पण आवाज छोट्या स्पीकरवर घ्यावा, फोनमधून खालचे सूर ऐकूच येत नाहीत.

दुसरी अडचण ‘सा’ची. गोव्यात सोल्फेज शिकलेल्या मुलाचा ‘दो’ कायम एकाच जागी असतो, पेटीच्या पांढरी एक या पट्टीवर. मुलीच्या आवाजासाठी तानपुरा काळी चारला लावला की तिच्या डोक्यात तो ‘सोल’ शार्प असतो आणि गुरुजी त्याला ‘सा’ म्हणतात. तिला सगळं गाणं भलत्याच पट्टीत गेल्यासारखं वाटतं. सोल्फेज विसरायला सांगू नये, ते मोठं धन आहे. पहिल्या महिन्यात सरगम म्हणताना दो-रे-मी मनात येऊ लागलं तर लगेच पट्टी बदलावी, आज काळी चार, उद्या पांढरी सहा. तीन-चार आठवड्यांत ‘सा’ हलू शकतो हे कान मान्य करतो.

तिसरी ताल. पाश्चात्य शिक्षणात ‘एक’ म्हणजे सुरुवात. तीनतालात १६ मात्रा, सम पहिलीवर, खाली नवव्या मात्रेवर, आणि मध्यलयीतल्या कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेवरून उठतात. मूल मुखड्याच्या पहिल्या अक्षराला ‘एक’ धरतं आणि आठ मात्रा सरकून बसतं. अशा मुलाला ठेका नवव्या मात्रेपासून म्हणायला लावावा: धा तिं तिं ता, ता धिं धिं धा, आणि मग सम. त्याला ओळखीच्या भाषेत सांगितलं तर झटकन कळतं, की बारच्या आधी सुरू होणारे तुकडे तू वाजवलेले आहेत, हा तसाच, फक्त आठ मात्रांचा.

उलट दिशेनं जाणाऱ्यांचं दुखणं वेगळं. भजनात वाढलेली मुलगी कॉयरमध्ये आल्टोला, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, उभी राहिली की चौथ्या ओळीपर्यंत ती सोप्रानोच्या, म्हणजे वरच्या आवाजाच्या, चालीवर घसरते, कारण आयुष्यभर तिनं चालच पकडलेली असते. तिची ओळ आधी एकटीला स्वतंत्र गाणं म्हणून पाठ करून द्यावी, मग एकच सोप्रानो हळू आवाजात शेजारी, मग पूर्ण कॉयर. शांत जागा मोजणं हेही नवं असतं. आपल्याकडे दोन ओळींमधली जागा पेटी भरून काढते. तिथे सात ठोके गप्प राहायचं असतं आणि आठव्यावर सगळ्यांनी एकदम यायचं असतं.

व्हायोलिनचं तर सगळंच बदलतं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त. पाश्चात्य जुळणी जाड तारेपासून सोल, रे, ला, मी अशी. हिंदुस्थानी वादक प-सा-प-सा किंवा सा-प-सा-प लावतात, गुरूप्रमाणे. पांढरी एकला प-सा-प-सा लावायचं तर जाड तार तशीच राहते, मधल्या दोन एकेक स्वर उतरतात आणि बारीक तार दोन स्वर उतरते. ही बारीक तार मग ढिली पडून शिट्टी मारते. आठवड्यातून चार दिवस एक जुळणी आणि तीन दिवस दुसरी असं केलं की तारा कधी स्थिरच होत नाहीत, आणि घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, प्रत्येक वेळी थोडी थोडी कलते. चढवताना ती पुढे मानेकडे झुकते. तार लावून झाली की बाजूनं डोळा लावून घोडी सरळ आहे का ते पाहावं, नाहीतर एक दिवस ती आडवी पडून पोटाला ओरखडा काढते. दोन्ही शिकायचं असेल तर दुसरं साधं व्हायोलिन घ्यावं, तेच शेवटी स्वस्त पडतं.

बैठकीत व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकतं आणि डावा हात ओझ्यातून सुटतो, म्हणून मींड लांब खेचता येते. उभ्यानं शिकलेलं मूल सवयीनं अंगठ्यानं मान दाबून धरतं, आणि मींड मध्येच अडकते. ‘तुझ्या हातात मींड नाही’ असं त्याला कुणी म्हणण्याआधी अंगठा बघावा. तसंच, पाश्चात्य पद्धतीत शिकलेला कंप (व्हायब्रेटो) लांब षड्जावर आपोआप येतो आणि सूर हलल्यासारखा वाटतो. उलट, मींडेची सवय घेऊन ऑर्केस्ट्रात बसलेला मुलगा दोन सुरांमध्ये नकळत घसरतो, आणि गज कधी वर कधी खाली हे कागदावर खुणा करून सगळ्यांबरोबर पाळावं लागतं, याचंही त्याला भान नसतं.

तंत्राबाहेरची एक गोष्ट पालकांनी आधी बोलून घ्यावी, ती म्हणजे श्रद्धेची. ख्रिस्ती घरातल्या मुलाला गुरूच्या पाया पडणं, क्लासच्या सुरुवातीची सरस्वतीवंदना, बंदिशीतला कन्हैया, यांपैकी काय चालेल हे पहिल्याच दिवशी गुरूंना मोकळेपणानं सांगावं. चांगले गुरू समजून घेतात. हिंदू मूल इगर्जेच्या कॉयरमध्ये जाणार असेल तर कॉयरमास्टरला विचारावं की मिसेला, म्हणजे इगर्जेतल्या प्रार्थनेला, उभं राहिलं तर कुठपर्यंत सामील व्हायचं. कोमुन्यांव, म्हणजे मिसेतली पवित्र भाकर, घ्यायचं नाही, रांगेत जायचं नाही, आपल्या जागी शांत बसायचं, एवढं पाळलं की कुणाचाच मान जात नाही. घरचे धर्मांतराच्या काळजीनं बोलत असतील तर त्यांना एका तालमीला घेऊन जावं. काळजी न दिसणाऱ्या गोष्टीची जास्त असते. ज्यांना धर्माचा संबंधच नको असेल त्यांच्यासाठी पणजीत कांपालला कला अकादमी आहे. तिथे एकाच आवारात भारतीय आणि पाश्चात्य संगीताचे दोन्ही विभाग चालत आले आहेत.

आणखी एक दडपण नव्या बाजूकडून येतं, आणि ते जास्त लागतं, कारण ते स्तुतीच्या रूपात येतं. ‘ख्रिस्ती असून किती छान गायलीस!’ यातलं ‘असून’ मुलीला घरी गेल्यावरही ऐकू येत राहतं. मग तिला बोलावणी येतात ती सगळी ऐक्याच्या, सद्भावनेच्या कार्यक्रमांची. नेहमीच्या बैठकीला, मासिक मैफलीला कुणी बोलवत नाही. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे: तिला यादीत इतरांसारखंच घ्या, वीस मिनिटांऐवजी पाऊण तास द्या, आणि निवेदनात तिच्या घराण्याचं, गुरूंचं, रागाचं नाव सांगा, धर्माचं नको.

मुलांनीही एक जपावं. नवं शिकताना घरचं टाकून देण्याची घाई करू नये. यासाठी मला नेहमी घुमट आठवतं. मातीचा घडा, दोन तोंडं, मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. उजव्या हातानं चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्यानं लहान तोंड झाकत-उघडत खालचा घुमारा वळवायचा. हेच घुमट व्हायोलिनच्या साथीला मांडोत, म्हणजे ख्रिस्ती घरांतल्या कोकणी गाण्यात, वाजतं आणि हेच शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळं म्हणजे झांज यांच्याबरोबर चवथीच्या आरतीत. २०१९ साली सरकारनं त्याला वारसा वाद्य म्हणून मान दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे, आता १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे बोकडाचं लावतात. बोकडाचं कातडं पावसाळी हवेत उतरतं, आणि चवथ तर ऐन भाद्रपदात. आरतीच्या आधी ते विस्तवाच्या ऊबेला, हात पोळणार नाही इतक्या अंतरावर, फिरवत धरावं लागतं. एकाच बाजूला धरलं तर तिथे कातडं जास्त ताणतं आणि आवाज फाटतो.

चेलो शिकणाऱ्या नाईकांच्या पोरानं चवथीला घरी आलं की हे काम अंगावर घ्यावं. आणि आरत्या संपून मंडळी प्रसादाला बसली की मावशीला सांगावं, ‘मावशी, पाच मिनिटं बसा, एक तुकडा ऐकवतो.’ तुकडा छोटा निवडावा, तीन मिनिटांच्या आतला, एकाच साध्या चालीचा, खालच्या तारांवरचा. चेलोचा तो आवाज माणसाच्या गळ्याला जवळचा आहे. आधी समजावून सांगू नये. वाजवावं, आणि मावशीनं काय विचारलं त्याचंच उत्तर द्यावं.