आमची वाटचाल : तूप नक्की, गव्याचं सांगता येत नाही

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गवा नक्की दिसणार ना?" आमचं उत्तरही ठरलेलं. तूप नक्की मिळेल, गव्याचं सांगता येत नाही. काही जण तिथंच फोन ठेवतात. ठेवू देत.

आमचा व्यवसाय म्हणजे एक गोठा, तुपाची चूल आणि पाहुण्यांसाठी तीन खोल्या. राधानगरीहून दाजीपूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर, जंगलाला लागून. पूर्वी हे कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान. 1958 साली दाजीपूरचं गवा अभयारण्य झालं, 1985 मध्ये हद्द वाढून 351 चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं, 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आबांनी या सगळ्याचा अर्थ एका वाक्यात लावला होता : "गव्याचा सातबारा वाढत चाललाय, आपला हाय तेवढाच हाय."

2009 च्या ऑक्टोबरात भात कापणीला चार दिवस राहिले होते. सकाळी बांधावर गेलो तर अर्धं रान आडवं. गवा खातो कमी, तुडवतो जास्त. दहा-बारांचा कळप रात्रभर वावरला की विळा लावायला काही उरत नाही. दादानं त्याच दिवशी बाजारातून तारेचं भेंडोळं आणलं, कुंपणात करंट सोडायला. वन्यजीव कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे, मारला तर तुरुंगात जावं लागेल, हे मी सांगून बघितलं. त्याच्या डोक्यात शिरेना. आबा एवढंच म्हणाले, "तारंला गवा वळकू येत न्हाई, म्हस वळकू येत न्हाई. आन रातच्याला पाणी पाजायला तूच जातोस की." दादा गप्प बसला. ती तार आज खोल्यांच्या मागं बांधली आहे, पाहुण्यांचे टॉवेल वाळत घालायला.

खरा बदल मात्र डॉक्टरांमुळं झाला. पावसाआधी घटसर्पाची लस टोचायला आलेले गुरांचे डॉक्टर सहज विचारते झाले, जनावरं चरायला कुठं सोडता? म्हटलं, जंगलात, सगळ्यांचीच जातात. पाणी? ओढ्यावरच. तिथंच गवेही पाणी पितात? पितात की. मग त्यांनी बुळकांडीची, म्हणजे गुरांच्या एका जीवघेण्या साथीच्या रोगाची, गोष्ट सांगितली. 1968 मध्ये दक्षिणेत मुदुमलईच्या जंगलात ही साथ शिरली आणि तिथले गवे जवळजवळ संपले. बुळकांडी आता जगातून गेली, 2011 मध्ये तसं जाहीरच झालं. पण लाळ्या खुरकूत आहेच. "तुमच्या म्हशीला ताप आला की तुम्ही मला फोन करता," डॉक्टर म्हणाले, "गवा कुणाला करणार?"

तोवर आम्ही गव्यानं आमचं काय खाल्लं एवढंच मोजत होतो. आमची अकरा जनावरं त्याचं किती गवत खातात, ओढ्यात काय सोडून येतात, याचा हिशोब कुणी मांडलाच नव्हता.

पुढच्या जूनपासून जनावरं बांधून घातली. म्हणायला सोपं आहे. फुकटचं चरणं बंद झालं आणि वैरण विकत आली. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल व्हायचं, त्यातून पेंडीचे पैसे वजा होऊन हातात यायचा तो फक्त कागद. पहिल्याच वर्षी दोन म्हशी विकाव्या लागल्या. गावात लोक हसले. "गव्यासाठी म्हशी विकणारा" हे नाव मला अजून चिकटलेलं आहे.

वाट काढली ती बायकोनं, शाळेच्या जुन्या वहीत आकडे मांडून. दूध घालण्यापेक्षा तूप विकू. सात फॅटचं दूध असलं तरी एक किलो तुपाला सोळा लिटर लागतं, हे ऐकल्यावर भाव का तेवढा, हे गिऱ्हाइकाला पटतं. आम्ही साय नव्हे, सगळ्या दुधाचं दही लावून घुसळतो. लोणी कढताना ती दुसऱ्या कामाला हात लावत नाही. आधी कढईत तडतड असते, मग आवाज बारीक होत जातो, आणि एका क्षणी कढई गप्प होते. बेरी तळाशी तांबूस दिसते. तेव्हाच विड्याचं पान टाकून उतरवायचं. मिनिटभर उशीर झाला की तूप करपट. मी एकदा फोनवर बोलत राहिलो आणि चार किलो वाया घालवलं. तेव्हापासून मला चुलीजवळ बंदी आहे.

खोल्यांचं काही ठरवलेलं नव्हतं. 2014 च्या मे महिन्यात वळवाच्या पावसात पुण्याचे चार जण अडकले, रात्री सोप्यात झोपले. सकाळी त्यांनी पैसे विचारले तर आईला राग आला. पण ते परत आले, आणखी सहा जणांना घेऊन, तेव्हा तिनंच विचारलं, "अरे, एक खोली काढायची का?" एका बुकिंगवाल्या कंपनीकडं वर्षभर होतो. आम्हाला न विचारता त्यांनी "गवा दर्शन हमखास" असं छापलं. रात्री दीड वाजता भांडायला उठलेला पाहुणा बघून ते नातं संपवलं.

गवा दिसतो तेव्हा काय होतं, तेही सांगतो. एकदा पहाटे आमच्याच बांधावर एकुलगा नर उभा. काळाकुळीत, गुडघ्याखाली पांढरे पायमोजे, पाठीवरचा उंचवटा धुक्यात भिंतीसारखा. एक तरुण पाहुणा मोबाईल धरून पुढं सरकला. गवा धावला नाही, आडवा झाला. सगळं अंग दाखवत तिरका उभा राहिला. लोकांना वाटतं पोज देतोय. ते "मी केवढा आहे बघ" असतं, धावण्याच्या आधीचं. आबा हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, पाठ दावू नका. तसंच मागं या." तो आला, आणि दिवसभर बोलला नाही. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला, गर्दी मागं लागली, पकडल्यावर तो मेला. तेव्हापासून आमच्याकडं गव्यामागं धावणाऱ्या पाहुण्याला जेवणानंतर निरोप मिळतो. जेवण देतोच.

डेन्व्हरला राहणारं एक मराठी कुटुंब आलं होतं. अभयारण्याला अजून कुणी "बायसन" म्हटलं की त्यांना हसू यायचं. खरा बायसन त्यांच्याकडचा, आपला गवा गाईच्या जवळचा. तिकडं कोट्यवधी बायसन 1880 च्या दशकाअखेर हजाराच्या आसपास उरले. काही गोपालकांनी आपल्या कुरणात थोडे सांभाळले, त्यांचाही वंश टिकायला हातभार लागला. पण गाईंशी संकरही केला, ते रक्त अजून बऱ्याच कळपांत सापडतं. यलोस्टोनच्या रानटी कळपांना सांसर्गिक गर्भपाताचा रोग गाईंकडूनच लागला, आणि आता तिथले पशुपालक तो बायसनकडून गाईंना येईल म्हणून घाबरतात. ऐकून आबा खूप वेळ तंबाखू मळत बसले.

2022 मध्ये लम्पी आला तेव्हा आम्ही महिनाभर पाहुणे बंद ठेवले. गोठ्यात फवारणी, गोचीड वेचणं, लस. तरी एक कालवड गेली. त्या महिन्याचा बँकेचा हप्ता थकला, तो पुढं चार महिने पुरवून भरला.

आज चौदा म्हशी आणि दोन गाई आहेत. जंगलालगतच्या दहा गुंठ्यांत भात बंद करून हळद लावतो, तिला गव्यांनी अजून तरी तोंड लावलेलं नाही. वरच्या रानात येतात. पंचनामा होतो, अर्ज भरतो, पैसे येतात तेव्हा येतात.

पावसाळ्यात अभयारण्य बंद, आमच्या खोल्याही बंद. दिवाळीच्या तुपाची नोंदणी गणपतीनंतर घेऊ. एका घरी दोन किलोच्या वर देत नाही. ओळख सांगू नये.