देवाचा पलंग

आषाढी जवळ आली की पंढरपुरात देवाचा पलंग काढतात. शेजघरातला पलंगच हलवायचा, कारण आता विठोबाला झोपायचं नसतं. शेजारती बंद, दर्शन २४ तास. माणसं कुठून कुठून चालत येणार, कुणी पहाटे अडीचला पायांशी पोचणार, तेव्हा देव निजलेला कसा चालेल? उभं राहून अवघडू नये म्हणून पाठीशी मऊ लोड तेवढा देतात.

ही रीत कळली तेव्हा मला आमच्या ओट्यावरचा पिवळा बल्ब आठवला.

शिकायला पुण्यात होतो. शनिवारची एसटी रात्री दीड-दोनला फाट्यावर सोडायची. वळण घेतलं की बल्ब दिसायचा आणि त्याखाली लोखंडी खुर्चीत, कानाला मफलर गुंडाळून अण्णा. "झोपला नाहीत?" विचारलं की म्हणायचे, "झोपलो होतो की, आत्ताच उठलो." आत त्यांच्या अंथरुणाची घडीसुद्धा मोडलेली नसायची.

एका शनिवारी मित्रांबरोबर ऐनवेळी सिंहगडावर गेलो. घरी फोन नव्हता, शेजारी होता. न कळवायला एवढं निमित्त पुरलं. पुढच्या खेपेला आई हळूच म्हणाली, "सकाळची पहिली गाडी रिकामी गेली, तेव्हा आत आले." मी बोलणी खायच्या तयारीत. अण्णांनी भाकरीवरचं झाकण काढलं आणि विचारलं, "जेवलास का?"

'विनाअट प्रेम' असं काही त्यांच्यापुढे म्हटलं असतं तर हसले असते. अटी भरपूर होत्या. केस बारीक हवेत, मार्क बरे हवेत, उधारी नको. नापास झालो तेव्हा दोन महिने धड बोलले नाहीत. पण त्या दोन महिन्यांतल्या एकाही शनिवारी ओट्यावर अंधार नव्हता.

विटेवरच्या त्या मिशा नसलेल्या बाप्याला वारकरी माउली म्हणतात, याचं मला लहानपणी हसू यायचं. आता वाटतं, ज्यांना हे पहिल्यांदा सुचलं त्यांनी आपल्या घरी कुणाला तरी असं जागताना पाहिलेलं असणार. तसा तो विठोबाही ताटकळलाच की. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता, मागे वळलाही नाही, वीट तेवढी सरकवली. देव रुसला नाही. थांबला.

यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्यानं न्हाऊ घालतात, रात्री काढा देतात, मग पलंग परत जागेवर. देवाच्या शिणवट्याची माणसांनी केवढी काळजी घेतलीय! अण्णांचा शीण मात्र पन्नाशी गाठेपर्यंत माझ्या ध्यानीमनीही नव्हता.

परवा गेलो तेव्हा कोमट पाण्याची बादली घेऊन त्यांच्या पायांशी बसलो. त्यांनी पाय झटकन वर घेतले.

"हे काय नवीन? ऊठ आधी. जेवलास का?"