टेन्शन घेतलंस म्हणून झालं?

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला दहा-बारा दिवस झाले होते, जखमेतलं पाणी काढणारी ड्रेनची नळी नुकतीच निघाली होती, हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि मावशी भेटायला आली. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू ना सगळं मनाला लावून घेतेस गं, आतल्या आत कुढतेस, त्यानेच झालं हे." मायेनेच बोलली ती. पण त्या रात्री मी मागची दोन वर्षं उकरत बसले, ऑफिसातली कटकट, बाबांचं आजारपण, घरातला अबोला, आणि शेवटी हे मीच ओढवून घेतलं असं मनाशी पक्कंच झालं.

ते डोक्यातून जाईना म्हणून मग वाचायला लागले.

तर ताण घेतला म्हणून स्तनाचा कॅन्सर होतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाहीये. 2013 मध्ये युरोपातल्या 12 अभ्यासांची माहिती एकत्र केली, जवळपास 1 लाख 16 हजार माणसं, कामाचा ताण आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंध काही सापडला नाही. 2016 मध्ये ब्रिटनमधल्या लाखभर बायकांच्या अभ्यासातही तेच. काही जुन्या अभ्यासांत, घटस्फोट किंवा नवऱ्याचा मृत्यू अशा मोठ्या धक्क्यांनंतर, थोडा संबंध दिसला होता, ते लपवत नाही. पण गाठ हाताला लागण्याआधी बहुतेक वेळा कित्येक वर्षं आत वाढत असते आणि आपण मात्र कारण गेल्या वर्षभरात शोधतो. आजारी पडल्यावर मागे वळून पाहिलं तर दुःख कुणाला सापडणार नाही?

पण म्हणून ताणाचा शरीराशी काही संबंधच नाही असं मी म्हणणार नाही, कारण गाठ झाल्यानंतरची गोष्ट वेगळी आहे. घाबरलो की नसांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनलिन सुटतं, किडनीवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल येतं, आणि ही ताणाची रसायनं पकडणारे रिसेप्टर कॅन्सरच्या पेशींवर असू शकतात, तिथल्या रोगप्रतिकारक पेशींवरही असतात. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात उंदरांवर प्रयोग झाला, रोज काही वेळ त्यांना अरुंद जागेत कोंडायचे. मूळ गाठ फारशी वाढली नाही पण कॅन्सर दुसरीकडे पसरणं तीसपट वाढलं! आणि प्रोप्रानोलोल, म्हणजे बीपीची जुनी साधी गोळी, दिल्यावर ते थांबलं. पुढे 2020 मध्ये 60 पेशंटना ऑपरेशनआधी आठवडाभर हीच गोळी किंवा नुसती खोटी गोळी देऊन पाहिली, तर खरी गोळी घेतलेल्यांच्या गाठीत पसरण्याशी जोडलेल्या खुणा कमी दिसल्या. त्याने आयुष्य वाढतं का, हे एवढ्या छोट्या ट्रायलवरून ठरत नाही, म्हणून कुणी मनाने गोळी सुरू करू नका.

एक वाचून तर मला घामच फुटला होता. केमोच्या दिवसांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यायचे, उलटी आणि रिअ‍ॅक्शन होऊ नये म्हणून, आणि त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागायचा नाही, पहाटे चारला मी कपाट आवरत बसलेली असायचे. तर 2019 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांना उंदरांत दिसलं की कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स, आणि हे औषधसुद्धा, कॅन्सरच्या पसरलेल्या पेशींना मदत करू शकतात. डॉक्टरांना थेट विचारलं. त्या म्हणाल्या, तो उंदरांवरचा प्रयोग आहे, हे औषध नसेल तर केमो झेपणार नाही, आणि पूर्ण केमो मिळणं तुमच्यासाठी जास्त मोलाचं आहे. पटलं मला.

आता दर फॉलोअपच्या आदल्या रात्री माझी बोटं आपोआप काखेत जातात, चाचपत राहतात, मग भीती वाटते आणि वर भीतीची भीती, की या धास्तीनेच परत येणार का. म्हणून काउन्सेलरकडे जाते. 2001 मध्ये कॅन्सर पसरलेल्या 235 बायकांचा अभ्यास छापून आला, ग्रुप थेरपीने आयुष्य वाढलं नाही, पण खूप त्रासात असलेल्यांचं मन हलकं झालं आणि दुखणंही कमी जाणवलं. मला तेवढंच हवंय, झोप लागावी.

परवा मावशीशी फोनवर हे सगळं बोलले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इतके दिवस माझं ते बोलणं मनात धरून बसली होतीस?" हो म्हटलं. तिला रडू आलं, मग मलाही.