परग्रहवासी आणि त्याचे गुडघे

ॲक्शन फिगर, म्हणजे सांध्यांत हलणारी खेळण्यातली बाहुली, ही शेवटी माणूसच. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा बारा इंची सैनिक बाजारात आणला आणि मुलगे बाहुली हातात धरणार नाहीत म्हणून तिला ‘ॲक्शन फिगर’ असं मर्दानी नाव दिलं. नाव बदललं, साचा तोच राहिला : रुंद खांदे, पुढे वाकणारे कोपर, मागे वाकणारे गुडघे, पाच बोटं. त्यामुळे अशा फिगरचा परग्रहवासी करायला बसलं की खरं भांडण असतं ते या आतल्या माणसाशी. वरून कितीही हिरवा रंग फासा, तो डोकावतोच.

नवशिक्याचा हात आधी भर घालायला जातो. शिंगं, पाठीवर काटे, दोन अँटेना, जमलंच तर शेपूट. होतं काय, तर सोंग घेतलेला सैनिक. म्हणून सुरुवात छाटण्यापासून करावी. नाक आणि कान धारदार चाकूने पातळ पातळ काप घेत उतरवायचे. एका फटक्यात उडवायला गेलं तर गालही सोबत येतो. डोकं बहुतेक वेळा मऊ पीव्हीसी प्लास्टिकचं असतं. ऐंशी-नव्वद अंशांच्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं ठेवलं की ते नरम पडतं, सुरी सहज चालते आणि डोकं मानेच्या गोळ्यावरून, म्हणजे ज्यावर ते फिरतं त्या खुंटीवरून, अलगद निघतं. थंड असताना ओढलं तर गोळ्याची दांडी तुटते, आणि मग एक मिलिमीटरचं भोक पाडून तारेची खीळ घालत बसावं लागतं.

सगळ्यात स्वस्तातला बदल हाताचा. करंगळी छाटायची, तिच्या शेजारची दोन बोटं पुटीने, म्हणजे मळून आकार देता येणाऱ्या आणि मग टणक होणाऱ्या लगद्याने, एक करायची. अंगठा धरून तीन उरतात. एवढ्यावर तो हात परका दिसू लागतो. सहा इंची फिगरची मान चार-पाच मिलिमीटर वाढवली तरी तेच. पाहणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, आणि हेच तर हवं असतं.

पुटी दोन भागांची एपॉक्सी. दोन्ही भाग सारखे घेऊन रंगाची एकही रेघ उरणार नाही इतकं मळायचं. रेघ राहिली तर तेवढी जागा कच्ची राहते आणि आठवडाभरानेही नखाने दबते. जातीप्रमाणे साधारण एक ते तीन तास आकार देता येतो, पूर्ण टणक व्हायला चोवीस तास लागतात. मळल्या मळल्या ती बोटांना चिकटते, म्हणून सुरुवातीला फक्त ढोबळ गोळे बसवावेत आणि सुरकुत्या, छिद्रं, खवले अर्ध्या तासानंतर काढावेत. अवजार पाण्यात बुडवत राहिलं की पुटी त्याला चिकटून ओढली जात नाही. हातमोजे मात्र हवेतच, कच्च्या एपॉक्सीची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की जात नाही. गुळगुळीत पीव्हीसीवर पुटी धरत नाही. आधी भांड्याच्या साबणाने धुऊन २२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायचं. पॉलिमर क्लेचा मोह टाळावा. तिला भट्टीत १३० अंशांच्या आसपास भाजावं लागतं. तेवढ्या उष्णतेत फिगरच मान टाकते.

सुरकुत्या कशाही ओढल्या तर चामडं नाही, चुरगळलेला कागद दिसतो. कातडी जिथे दुमडते तिथेच, दुमडीला समांतर, अशा त्या पडतात. कोपराच्या आतल्या बाजूला दाट, पाठीवर विरळ. परग्रहावरच्या कातडीलाही हा नियम सुटत नाही.

आता सांधे. खांद्यावर पुटी चढवली की हात वर जात नाही. न हलणारी फिगर म्हणजे पुतळा. त्यासाठी सांध्याच्या एका बाजूला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, पुटी अर्धी घट्ट झाली की हात हळूच फिरवावा. वाट आपोआप कोरली जाते. रंगाचाही इथेच घात होतो. घासणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांवर रंगाची जाडी चढते आणि पहिल्याच हालचालीत निघते. रंगवण्याआधी सांध्याच्या आतून थोडं प्लास्टिक घासून जागा करणं हा कंटाळवाणा भाग, आणि म्हणूनच तो टाळला जातो.

मऊ पीव्हीसीवर स्प्रेचा रंग अनेकदा कायमचा चिकट राहतो, कारण प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य रंगात झिरपत राहतं. पाण्यातले ॲक्रिलिक, पातळ तीन-चार थरांत, हे बरं. त्वचेला एकच रंग देऊ नये. जिथे कातडी पातळ, म्हणजे पापण्या, बोटांची टोकं, तिथे आतून रक्त असल्यासारखी छटा हवी. त्या रक्ताचा रंग कोणता, ते ज्याचं त्याने ठरवावं. डोळ्यांसाठी काळे मणी बसवले तर सुपरग्लू अगदी थोडा, नाहीतर त्याच्या वाफेने मण्यावर पांढरी झाक चढते.

उरले गुडघे. माणूस सगळ्यात चिवटपणे तिथेच टिकतो. टाच उचलून घोट्याखाली लांब पाऊल जोडलं, की पाय प्राण्यासारखा उलटा मोडल्यासारखा दिसतो. पण आता सगळा भार दोन चवड्यांवर आला; दीड-दोन सेंटिमीटरच्या त्या जागेवर फिगर उभी राहत नाही, तोंडावर पडते. मांड्या पुढे, धड किंचित मागे असं केलं तरी डोक्यावर चढवलेली पुटी तोल घालवतेच. अशा वेळी सुरुवातीला नाकारलेली शेपूट परत बोलवावी. कंबरेत भोक पाडून दोन मिलिमीटरची तार घालायची, तिच्यावर पुटी, आणि टोक जमिनीला टेकेल इतकी ती वाकवायची. पुटी सुकण्याआधी फिगर उभी करून पाहायची, नंतर तार वळत नाही.