वैमानिकाला हवेतच हार्ट अटॅक आला तर?

"काका, पायलटलाच वर हार्ट अटॅक आला तर विमानाचं काय?" मी वैमानिक होतो हे कळलं की हा प्रश्न येतोच, आणि विचारणारा खरोखर घाबरलेला असतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

दुसरा वैमानिक विमान उतरवतो. आपल्या नागपुरातच हे घडलंय. २७ ऑगस्ट २०२१ ला बिमान बांगलादेशचं विमान मस्कतहून ढाक्याला चाललं होतं. रायपूरच्या आसपास कॅप्टनला हृदयविकाराचा झटका आला. को-पायलटने कोलकात्याच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी बोलून विमान नागपूरला आणलं. १२४ प्रवासी सुखरूप उतरले. कॅप्टन मात्र तीन दिवसांनी नागपूरच्याच रुग्णालयात वारले.

को-पायलट म्हणजे मदतनीस, हा समज कृपा करून सोडा. एक फेरी मी चालवायची, परतीची त्याने, असंच आमचं चालायचं. शिवाय याची तालीम होते. सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षक एकालाच हळूच सांगतो, "आता उत्तर देऊ नकोस." दुसऱ्याला काहीच माहीत नसतं. नियम असा, की दोनदा बोलूनही योग्य उत्तर आलं नाही तर तो वैमानिक असमर्थ आहे असं धरायचं. "आय हॅव कंट्रोल" म्हणून विमान हाती घ्यायचं आणि केबिन क्रूला बोलवायचं. ते त्याचा पट्टा आवळून सीट मागे घेतात, म्हणजे शरीर कंट्रोल्सवर पडत नाही.

पण मला कोसळणाऱ्या माणसापेक्षा न कोसळणाऱ्याची भीती जास्त वाटते. १८ जून १९७२ ला लंडनच्या हीथ्रोहून ब्रुसेल्सला निघालेलं ट्रायडंट विमान अडीच मिनिटांच्या आसपास स्टेन्स गावाजवळ पडलं. ११८ जण गेले, कोणीही वाचलं नाही. पंखांच्या पुढच्या कडेचे ड्रूप, म्हणजे कमी वेगातही विमान तोलून धरणारे खाली झुकणारे भाग, वेग पुरेसा नसतानाच मिटवले गेले होते, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. कॅप्टन एक्कावन्न वर्षांचे. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या धमन्या खराब झालेल्या आढळल्या. उड्डाणाआधी संपाच्या विषयावरून त्यांचा कडाक्याचा वाद झाला होता. हृदयाच्या त्या दुखण्यामुळे त्यांचं लक्ष आणि निर्णयशक्ती ढळली असावी, असं चौकशीत मानलं गेलं. शेजारी बसला होता बावीस वर्षांचा नवखा वैमानिक. असा मुलगा ज्येष्ठ कॅप्टनला "सर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" कसं विचारणार? दोनदा हाक मारण्याचा नियम मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. धाकट्याला धीर गोळा करावा लागत नाही, नियमच त्याच्या वतीने बोलतो.

मग हृदय शंभर टक्के निरोगी असलेल्यांनाच का उडू देत नाहीत? कारण असं हृदय कोणी सिद्ध करू शकत नाही. अनेक देशांतले विमानवैद्यक एक टक्क्याचा ठोकताळा वापरतात: वर्षभरात अचानक असमर्थ होण्याचा धोका एक टक्क्याच्या आत हवा. वर्षाचे तास ठोकळ मानाने दहा हजार धरले, तर ताशी धोका दहा लाखांत एक. तासाभराच्या उड्डाणात टेकऑफ-लँडिंगचा नाजूक काळ एक दशांश, आणि तेव्हासुद्धा शंभरात नव्याण्णव वेळा दुसरा वैमानिक सावरेल असं गृहीत. म्हणजे अपघात शंभर कोटी तासांत एक. हा सगळा हिशेब दुसऱ्या वैमानिकावर उभा आहे. एकाच वैमानिकावर विमान चालवायच्या गोष्टी कानावर येतात तेव्हा मी अस्वस्थ होतो तो यामुळेच.

मेडिकलबद्दलही सांगायला हवं. आमची क्लास वन, म्हणजे व्यावसायिक वैमानिकांची वैद्यकीय तपासणी ठरावीक काळाने होते, ईसीजी निघतो. पण झोपवून काढलेला ईसीजी धमनीत अडथळा असूनही नॉर्मल येऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिअ‍ॅटलहून इस्तंबूलला निघालेल्या टर्किश एअरलाइन्सच्या विमानात कॅप्टन उड्डाणातच वारले. मार्चमधल्या तपासणीत त्यांच्यात काही दोष सापडला नव्हता.

तेव्हा डॉक्टरला कळतं ते बरंचसं वैमानिक काय सांगतो त्यावर. आणि वैमानिक सांगत नाही. जिना चढताना छाती भरून येते हे सांगितलं तर "टेम्पररी अनफिट" होईल, पगार थांबेल, घराचे हप्ते चालू राहतील. ही भीती खोटी नाही. कंपन्यांनी आजारपणात पगार चालू ठेवला, तर कितीतरी दुखणी वेळेवर उघड होतील असं मला मनापासून वाटतं.

पण सांगितलं म्हणजे सगळं संपलं, हेही खरं नाही. स्टेंट घातलेले वैमानिक निदान सहा महिने थांबून, स्ट्रेस टेस्ट वगैरे पार करून पुन्हा कॉकपिटमध्ये येऊ शकतात, शेजारी दुसरा वैमानिक असण्याच्या अटीवर. आपल्याकडे तर हृदयरोग पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. तुमच्या घरात कोणी वैमानिक असेल आणि "अ‍ॅसिडिटी आहे गं, होईल बरं" म्हणत छाती चोळत असेल, तर अँटासिड देऊन पुढच्या ड्यूटीला पाठवू नका. त्याच दिवशी कार्डिओलॉजिस्टकडे घेऊन जा.