कादिसातली मोरी

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या खोल्या आणि खानावळ बंद होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या, किल्ल्यावर जायची वाहतूक बंद. मालवणात त्या दिवसांत येणार कोण? त्यामुळे माद्रिदला नोकरी करणारी भाची गेली तीन वर्षं "मावशी ये, मावशी ये" म्हणत होती, तिला यंदा हो म्हटलं. आमचे हे घरी थांबले. कौलं परतायची राहिली होती आणि कुणीतरी मांजरांना जेवण घालायला हवं होतं.

माद्रिद दोन दिवसांत बघून संपलं (माझ्यापुरतं). मग भाचीने कादिसला न्यायचं ठरवलं. आगगाडीने साडेचार तास, दक्षिणेला, अगदी टोकाला. तीन बाजूंनी अटलांटिक समुद्र आणि गावात शिरायला जमिनीची एक चिंचोळी पट्टी. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवून तीन हजार वर्षं झाली म्हणतात. तिथे तिने आधीच पैसे भरून 'चालत खाण्याची' सहल ठरवली होती. गाइडबरोबर तीन तास गावभर फिरायचं आणि जागोजागी थांबून खायचं. माणशी सत्तर युरो. आकडा ऐकून मी मनात गुणाकार केला. तेवढ्यात मी पंधरा जणांना सुरमईची थाळी वाढली असती, सोलकढीसकट.

माझी एकच अट होती, सोमवार नको. सोमवारी मी मासे खात नाही. भाचीने हे गाइडबाईंना कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, सोमवारी आम्हीही नेत नाही. रविवारी होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून सोमवारी बाजारात मासळीच्या बाजूला बरेचसे ओटे रिकामे असतात. आमचा शंकर आणि त्यांचा रविवार, दोघांनी मिळून मंगळवार ठरवला.

सकाळी अकराला फुलांच्या चौकात भेटलो. आम्ही सातजण. गाइडबाई चाळिशीच्या, आवाज कोळणीचा. आजोबा मच्छीमार होते म्हणाल्या, ते सांगायची गरज नव्हती. बाजारात शिरल्या आणि एका ओट्याशी थांबून माशाचा कल्ला वर करून पाहिला, नाक मुरडलं, पुढे गेल्या. विकणारा हसला. मी मनात म्हटलं, बाई आपल्यातली आहे.

तो बाजार १८३८ सालचा, भोवती दगडी खांबांची रांग. आत मासळी संगमरवरी ओट्यांवर, बर्फावर मांडलेली, नावाच्या आणि किमतीच्या पाट्या लावलेल्या. मधोमध कुपा, म्हणजे ट्यूना. आमच्याकडे कुपा म्हणजे बाजारातला सावत्र मुलगा. रक्त जास्त, मांस काळपट, पाहुण्याला वाढत नाहीत. तिथे त्याच्या एकेका तुकड्याला वेगळं नाव आणि वेगळा भाव. पाठीचा वेगळा, पोटाचा वेगळा, गालाचाही वेगळा. एप्रिल-मे महिन्यांत हा मासा अटलांटिकातून भूमध्य समुद्रात अंडी घालायला जातो, त्या वाटेवर किनाऱ्यापाशी जाळ्यांचा चक्रव्यूह मांडून ठेवतात. त्याला आल्माद्राबा म्हणतात. शेवटच्या कप्प्यात मासे अडकले की चहूबाजूंनी होड्या लावून माणसं जाळं वर खेचतात. मला आपली रापण आठवली. रापण वेगळी, ती किनाऱ्यावरून ओढतात, पण एका जाळ्याला पन्नास हात लागतात हे तेच. गाइडबाईंनी मोबाइलवर एका जुन्या नाण्याचं चित्र दाखवलं. नाण्यावर दोन कुपे! दोन हजार वर्षांपूर्वी या गावाने पैशांवर मासा छापला होता.

आणि मग कोपऱ्यातल्या ओट्यावर एक ढीग हलताना दिसला. करड्या, पारदर्शक, नखाएवढ्या, जिवंत, टणाटण उडणाऱ्या. मी मोठ्याने ओरडले, "अगो, ह्यो तर जवळो!" जवळ्यापेक्षा जरा मोठ्या होत्या, आणि खुल्या समुद्रातल्या नव्हे, गावाबाहेरच्या खाजणातल्या, मिठागरांच्या बाजूच्या. त्यांना कामारोन म्हणतात. गाइडबाईंनी विचारलं, तुमच्याकडे याचं काय करता? मी सांगितलं, कांदा-मिरची घालून सुकं, नाहीतर तांदळाच्या पिठात वडे. त्या म्हणाल्या, चला.

बाजाराच्या कडेलाच एक छोटा गाळा. आत एक मुलगा, समोर पसरट कढई, शेजारी पातेल्यात पीठ. हे मी नीट पाहिलं कारण माझं पोट यावरच चालतं. गव्हाचं पीठ आणि चण्याचं पीठ, बारीक कांदा, कोथिंबिरीच्या जातीचा तो त्यांचा पाला, मीठ, आणि पाणी भरपूर. भज्याचं पीठ नव्हेच, घावनाचं पीठ. त्यात कामारोन सालासकट. पळीभर पीठ कडकडीत ऑलिव्ह तेलात ओतलं, पळीच्या पाठीने झटक्यात पसरलं, आणि कडेला जाळी पडली. अगदी घावनासारखी जाळी, फक्त सोनेरी. मधे गुलाबी झालेले ठिपके. तळून काढल्यावर ती पातळ पोळी उभी धरली तर पलीकडचा माणूस दिसावा. खाल्ली आणि काही वेळ बोलले नाही. मी एकोणीस वर्षं जवळ्याचे वडे जाड थापत आले आहे. पीठ पातळ करायचं कधी सुचलं नाही.

पुढचं पाऊल मासे तळण्याच्या दुकानात. चण्या-शेंगदाण्यांची पुडी बांधतात तशा कागदात गरम तुकडे भरून देतात, उभ्याने खायचे. नाव 'ब्येनमेसाबे', म्हणजे 'मला छान लागतं'. पहिला तुकडा तोंडात घातला आणि ओळखलं. काटा नाही, मधे एकच मऊ कूर्चा, मांस दोरीसारखं सुटणारं. मोरी! छोटा शार्क. लसूण, जिरं, ओरेगानो, लाल तिखट आणि शेरी वाइनचा शिरका यांत काही तास मुरवून, पिठात घोळून तळलेली. शिरका चवीपुरता नाही. मोरीच्या मांसात युरिया असतो, मासा मेला की त्याचा अमोनिया होतो आणि उग्र वास येतो, आंबटाने तो मरतो. आमच्याकडे तेच काम कोकम करतं, मग तिरफळ बाकीचं सांभाळून घेतं. मी हे भाचीकरवी सांगितलं. गाइडबाईंनी तिरफळ म्हणजे काय ते वहीत लिहून घेतलं.

लाल तिखटावरून त्या कोलंबसावर गेल्या. त्याची दुसरी सफर १४९३ मध्ये कादिसमधून निघाली, १७ जहाजं घेऊन. मिरची अमेरिकेतली, पुढे पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली. म्हणजे माझ्या मालवणी मसाल्यातली बेडगी मुळात याच लोकांच्या जहाजांची देणगी, आणि आम्ही मात्र पाहुण्यांना 'पिढ्यान्‌पिढ्यांची चव' म्हणून सांगतो. असो. आमच्या पिढ्या मोजल्या तर खोटंही नाही.

तिसऱ्या ठिकाणी कुप्याचं सुकट. मोहामा म्हणतात. मिठात दाबून वाऱ्यावर वाळवलेली, रंग जांभळट, कागदासारखे काप, वर ऑलिव्ह तेल, बाजूला बदाम. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर खातो त्याची ही श्रीमंत मावसबहीण. सोबत मान्सानिया नावाची फिकट वाइन दिली. मी घोटभर घेतली. खारा वारा प्याल्यासारखं वाटलं. बाकीची भाचीने संपवली.

समुद्रफूल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा फुलासारखा समुद्री प्राणी, तळून दिलं तेही खाल्लं. डोळे मिटून. एकदा पुरे.

शेवटी ला विन्या या मच्छीमारांच्या वाड्यातून समुद्राकडे गेलो. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनचा भूकंप झाला तेव्हा इथे लाट शिरली होती. देवीची पताका घेऊन पाद्री रस्त्यात उभा राहिला आणि पाणी तिथेच थांबलं, असं वाड्यातले लोक सांगतात. ती जागा गाइडबाईंनी हाताने दाखवली. मी काही बोलले नाही. २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा आमच्या वाडीतल्या बायकांनीही समुद्राला नारळ दिला होता. पुढे ला कालेताची पुळण, आणि पाण्यात दगडी वाटेने जोडलेला किल्ला. गुडघे दुखत होते, म्हणून वाळूतच बसले.

हॉटेलवर आल्यावर यांचा फोन. काय खाल्लंस? मी म्हटलं, मोरी. "मोरी खाऊक इतक्या लांब गेलंस?" बरोबर आहे. पण मला वेगळंच सलत होतं. माझ्याकडे कुणी पाहुणा आला की सुरमई, पापलेट, कोळंबी. मोरी बाळंतिणीला, नाहीतर घरच्यांना. जवळा तर खोलीत वास जाईल म्हणून मी पाहुणे असताना तळतच नाही, सुकी मासळी मागच्या पडवीत डब्यात. आणि ती बाई सत्तर युरो घेऊन नेमकं तेच खायला घालते, वर मान ताठ.

ऑक्टोबरात खोल्या उघडल्या. पुण्याचं एक कुटुंब आलं. थाळीच्या आधी मी पातळ पिठातले जवळ्याचे वडे दिले, त्याचे पैसे न लावता. पहिले दोन तव्याला चिकटले, तिसऱ्याला जाळी पडली. त्यांच्या मुलाने पाच खाल्ले. वडील म्हणाले, "मस्तच आहे काकू. पण सुरमई आहे ना?" आहे म्हटलं.

संध्याकाळी त्यांना बंदरावर लिलाव दाखवायला नेलं. पावसाळी चपलांत ते तिघे माझ्यामागून. ओळखीच्या कोळणीने मला पाहिलं, मग त्यांना पाहिलं.

"हेंका खय घेऊन इलंस गो?"

"मोरी दाखवूक."

"मोरी खय आज? फाल्या ये."