आधी काटा, मग पाटा : आमची वाटचाल

आमचं काम सुरू झालं ते बसलेले पाटे, म्हणजे गाडीचं ओझं पेलणारे कमानदार पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग, ताणून देण्यापासून. जुन्या पिकअपचा मागचा भाग खाली आला की मालक गाडी घेऊन यायचे. आम्ही पाट्यांचा संच उतरवायचो, एकेक पाटा थंडाच ठोकून त्याची कमान परत आणायचो, पाट्याच्या टोकांतले रबरी बुश नवे टाकायचो आणि गाडी मोकळी करायचो. कष्टाचं काम होतं आणि ते चोख केल्याचा आम्हाला अभिमान होता. पण ताणलेला पाटा वजनाखाली पुन्हा बसतोच. पोलाद थकलं की ठोकून आकार परत येतो, ताकद येत नाही. भट्टीत लाल करून वाकवावा, तर त्याचं पाणी उतरतं. मग तो पुन्हा ठरलेल्या तापमानाला नेऊन तेलात विझवायचा आणि त्याहून कमी तापमानाला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा, म्हणजे टेंपर करायचा, एवढं सगळं आलं. एवढं करायचं तर नवा पाटाच का बनवू नये, या विचारातून आम्ही दुरुस्तीकडून नवे संच बनवण्याकडे वळलो.

येणाऱ्या प्रत्येकाची मागणी मात्र ठरलेली असायची : ‘गाडी मागून बसते, दोन पाटे जादा टाका.’ ही मागणी चुकीची नाही. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला एका फेरीत जास्त माल न्यायचा असतो आणि जुनी, कर्ज फिटलेली, ओळखीची गाडी त्याला सोडवत नाही. आम्हालाही अशा गाड्यांबद्दल जिव्हाळा आहे. लोखंडी चौकट, मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग एक्सल, वर पाटे. सगळं उघड्यावर, हाताला येणारं. म्हणून तर या गाड्या एवढी वर्षं चालतात. पण ‘दोन पाटे जादा’ म्हणजे नेमके कुठले, किती जाडीचे आणि कशासाठी, याचं उत्तर शोधण्यातच आमचा धंदा घडत गेला.

पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १० मिलिमीटरच्या जागी १२ मिलिमीटरचा पाटा घातला, तर जाडी वाढली फक्त पंचमांशाने, पण कडकपणा झाला जवळजवळ पावणेदोन पट. रुंदीचं तसं नाही, ती जेवढी वाढेल तेवढाच कडकपणा वाढतो. आता बारीक पाट्यांच्या संचात एकच जाड पाटा सरकवला की काय होतं? सगळे पाटे सारखेच वाकतात, पण तेवढ्याच वाकण्यात जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो, शिवाय ओझ्याचा मोठा वाटाही तोच उचलतो. म्हणून भरीला घातलेला जाडजूड पाटाच बरेचदा आधी तुटतो. मालकांना हे पटायला वेळ लागतो. आम्ही तुटलेला पाटा त्यांच्या हातात देतो आणि तुटलेली जागा दाखवतो.

तुटलेला पाटा नीट पाहण्यासारखा असतो. संच सोडला की दोन पाट्यांच्या मधून गंजाचे पापुद्रे गळतात. खालच्या आखूड पाट्याचं टोक जिथे वरच्या लांब पाट्याला टेकतं, तिथे वर्षानुवर्षं घासून चकाकणारा आडवा चर पडलेला असतो. त्या चराच्या आसपास कुठेतरी भेग सुरू झालेली सापडते. तुटलेल्या तोंडावर दोन भाग स्पष्ट दिसतात : एक गुळगुळीत, काळपट, म्हणजे भेग हळूहळू पुढे सरकत होती तो, आणि दुसरा खरबरीत, ताज्या लोखंडाच्या रंगाचा, म्हणजे उरलेला पाटा एका झटक्यात गेला तो. गुळगुळीत भाग मोठा असेल तर तो पाटा बराच काळ मरत होता, कुणी पाहिलं नव्हतं इतकंच. म्हणून आम्ही पाट्यांची टोकं निमुळती करतो, टोकांखाली घर्षण कमी करणारे पॅड बसवतो आणि पाट्याच्या ताणाच्या बाजूला, म्हणजे कमानीच्या आतल्या अंगाला, शॉट पीनिंग करून घेतो. बारीक पोलादी छऱ्यांच्या माऱ्याने तो थर दाबाखाली राहतो आणि भेग सुरू व्हायला उशीर लागतो. पाट्याला वेल्डिंग किंवा वाढीव भोक, या दोन गोष्टींना आमच्याकडे पहिल्या दिवसापासून बंदी आहे.

नवे संच बनवायला लागल्यावर पुढचा प्रश्न आला तो रिकाम्या गाडीचा. सरसकट कडक पाटे घातले तर भरलेली गाडी छान उभी राहते, पण परतीच्या रिकाम्या फेरीत मागचा भाग खड्ड्याखड्ड्याला उडतो. ओल्या वळणावर उडणारं चाक म्हणजे पकड सुटलेलं चाक. चालकाची पाठ जाते ती वेगळीच. म्हणून आम्ही दोन टप्प्यांचे संच करतो. वरचे लांब, तुलनेने बारीक पाटे कायम कामात. त्यांच्याखाली एखाद-दुसरा जाड, जवळजवळ सपाट हेल्पर पाटा, जो ओझं ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावरच टेकतो. जाड पाट्याला वाकायचं असतं थोडंच, त्यामुळे त्याच्यावर वावगा ताण येत नाही. हा टेकण्याचा क्षण कुठे आणायचा, यातच खरी कारागिरी आहे.

तो क्षण ठरवायला वजन माहीत असावं लागतं, अंदाज नव्हे. आमच्या वाटचालीतला सर्वांत मोठा बदल इथेच झाला. आम्ही नियम केला : आधी गाडी काट्यावर, मग पाट्याला हात. रिकामी गाडी आणि नेहमीच्या मालाने भरलेली गाडी, आणि दोन्ही वेळा पुढचा एक्सल वेगळा, मागचा वेगळा. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं यावरून परत गेली. आम्ही नियम सोडला नाही, कारण काट्याच्या चिठ्ठीत जे दिसतं ते डोळ्यांना दिसत नाही. समजा दोन्ही एक्सलमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि ३०० किलोची वस्तू मागच्या एक्सलच्या १ मीटर मागे ठेवली. मागच्या एक्सलवर वाढतात ४०० किलो आणि पुढच्या एक्सलवरचं वजन १०० किलोंनी घटतं. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढच्या चाकांची ब्रेकची ताकद कमी होते, आणि मालक म्हणतो पाटे कमजोर आहेत. अशा गाडीचा हौदा नुसता वेगळा रचला तरी निम्मा प्रश्न सुटतो. तसं झालं की आम्ही ते सांगतो आणि पाट्याचं काम घेत नाही.

टायरचंही तेच. टायरच्या बाजूवरचा भारांक वाचायची सवय फार थोड्यांना असते. १०४ म्हणजे पूर्ण हवेत एका टायरला ९०० किलो, दोन टायरच्या एक्सलला १८००. संच त्याच्या वरचं ओझं पेलायला बनवला, तर पाटा हसत उभा राहील आणि टायर फुटेल.

आता ज्या कामाबद्दल मला सर्वांत कळकळीने लिहायचं आहे ते. कितीतरी जुन्या पिकअपमध्ये मागच्या एक्सलच्या वर, चौकटीला, ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्यातून एक दांडी एक्सलपर्यंत गेलेली असते. गाडी भरली की चौकट खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. रिकामी असताना दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त चौकट आणि एक्सलमधलं अंतर कळतं. आपण कडक पाटे घातले की भरलेली गाडीही उंच उभी राहते, आणि व्हॉल्व्ह समजतो की गाडी रिकामी आहे. ओझं वाढलेलं, आणि मागचे ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचे. पाटे बदलून दिलेल्या गाड्या आमच्याकडे दुसरीकडून येतात तेव्हा ही दांडी बहुतेक वेळा जशीच्या तशी असते. काही वेळा ती वाटेत येते म्हणून तारेने बांधून टाकलेली असते. हे पाहिलं की आमच्या पोटात गोळा येतो.

आम्ही जुने पाटे उतरवण्याआधी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं ते अंतर मोजून भिंतीवरच्या फळ्यावर लिहितो. नवा संच बसला की पुन्हा दोन्ही मापं. दांडीची लांबी बदलून रिकामी किंवा भरलेली यातली एक स्थिती जुळते, पण नव्या पाट्यांची एकूण हालचालच कमी असल्याने दुसरी स्थिती जुळवायला व्हॉल्व्हच्या भुजेचं प्रमाण बदलावं लागतं. त्यानंतर गाडी ब्रेक तपासायच्या रोलरवर, एकदा रिकामी, एकदा भरलेली. यात वेळ जातो आणि बिलावर ही ओळ पाहून काही जण कपाळाला आठ्या घालतात. ही ओळ वगळून काम करत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पाट्यांचा संच एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट प्रत्येक वेळी नवे; एकदा ताणलेले पुन्हा वापरायचे नाहीत, आणि माल भरून काहीशे किलोमीटर चालल्यावर ते परत आवळायचे. पाट्यांच्या मधोमध आरपार जाणारा सेंटर बोल्ट फक्त एक्सल जागेवर धरतो, पकड यू बोल्टची असते. ते सैल राहिले की सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल सरकून गाडी तिरकी चालते. रबरी बुशचे नट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे, जॅकवर लटकत असताना नव्हे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाटे कडक झाले की शॉकअपही त्याला साजेसे हवेत. मागची उंची बरीच वाढली तर इंजिनाची ताकद मागच्या एक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, मग पाचर घालून तो सुधारावा लागतो.

पाट्यांना मदत म्हणून चौकट आणि एक्सलच्या मधे बसवायच्या हवेच्या पिशव्यांबद्दल खूप विचारणा होते. ज्याचं ओझं रोज बदलतं त्याला त्या सोयीच्या आहेत आणि आम्ही त्या बसवतो. पण पाटा आपलं वजन चौकटीच्या दोन बिंदूंवर वाटून देतो आणि ते बिंदू कारखान्यात त्यासाठीच मजबूत केलेले असतात. पिशवी तेच वजन चौकटीच्या मधल्या एका जागी ठोसते. म्हणून आधी तिथला रंग खरवडून चौकट तपासतो. गंजाने कागदासारखी झालेली किंवा पाट्याच्या ब्रॅकेटजवळ चिरलेली चौकट असेल, तर पिशवीही नाही आणि पाटाही नाही.

आज आमच्याकडे प्रेस आहे. प्रत्येक नवा संच गाडीला लागण्याआधी कामाच्या ओझ्याहून जास्त दाबून घेतो, म्हणजे त्याचं पहिलं बसणं आमच्याच दारात होतं. मग टप्प्याटप्प्याने वजन देऊन तो किती वाकतो याचा आलेख काढतो. त्याची प्रत मालकाला मिळते. त्याच कागदावर ठळक लिहिलेलं असतं की नव्या पाट्यांमुळे गाडीचं नोंदलेलं एकूण वजन वाढत नाही. ते एक्सल, बेअरिंग, ब्रेक, चौकट आणि टायर या सगळ्यांचं मिळून ठरलेलं असतं. आमचं काम त्या मर्यादेच्या आतलं ओझं गाडीला बिनघोर पेलता यावं, एवढं. त्याच्या पलीकडचं मागणाऱ्याला आम्ही मोठी गाडी घ्यायला सांगतो.

जुनी पिकअप घेऊन यायचं असेल तर येण्याआधी दोन्ही एक्सलची रिकामी आणि भरलेली वजनं, टायरवरचा भारांक आणि माल रचलेल्या हौद्याचा बाजूने काढलेला फोटो पाठवा. एवढं हाताशी असलं की संच बदलायचा की नुसते बुश आणि शॉकअप पुरतील, हे बहुतेक वेळा गाडी उचलण्याआधीच सांगता येतं.